वरच्या बिजागरीचा वाद

उसाचं बिल खात्यावर जमा झालं की अंथुर्णे, शेळगाव, लासुर्णे या पट्ट्यात बांधकामं जोर धरतात. फरशीचा रंग ठरवायला घरात चार-चार बैठका होतात, ओट्याच्या उंचीवरून जावाजावांत अबोला धरला जातो. बिजागऱ्या आणि स्क्रू मात्र ‘मिस्त्री, तुम्हीच आणा काय ते’ एवढ्या एका वाक्यात निकाली निघतात. पुढे पहिल्याच पावसाळ्यात दार फरशीला घासायला लागलं की लाकडाला शिव्या, सुताराला शिव्या, आणि वास्तुशांत घाईत उरकली म्हणून भटजींनाही थोड्या.

चुलत भावाच्या नव्या घरात आतली सात दारं बसायची होती. खोल्यांना पाच फ्लश डोअर, आणि न्हाणीघर-संडासाला ग्रॅनाईटच्या चौकटीत पीव्हीसीची दोन. काम मामा-भाच्याकडे होतं. मामांचा हात तिफणी, बैलगाड्या आणि जुन्या वाड्यांच्या दारांवर बसलेला. भाचा बारामतीत आणि पुण्यात फ्लॅटची कामं करून आलेला, बॅटरीचं ड्रिल कमरेला लावून हिंडणारा. माझ्याकडे फक्त यादी लिहायचं काम होतं. पहिली ओळ ‘बिजागरी’ अशी लिहिली आणि तिथेच दोघांची जुंपली.

मामा : पितळी लिव्हा. चार इंची, दाराला तीन-तीन.

भाचा : आतल्या दाराला पितळ कशाला मामा? स्टीलच्या लिहा दादा. चार इंची, बारा गेज.

मामा : स्टील म्हंजी कसलं? तुज्या त्या फ्लॅटातल्या न्हाणीत दोन वर्सांत गंज धरला, ते बी स्टीलच हुतं की.

भाचा : ते दोनशे दोन होतं. आपण तीनशे चार घेऊ.

मामा : आन दुकानदार तीनशे चार म्हणून दोनशे दोनच गळ्यात मारंल. लोहचुंबक न्यावं सोबत.

भाचा : चुंबकानं नाही कळत मामा. दोन्हीला चिकटत नाही तो.

इथे भाचा बरोबर होता. 304 या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 202 मध्ये त्यातलं बरंचसं काढून मँगनीज घालतात. दुकानाच्या फळीवर दोन्ही सारखीच चकाकतात आणि चुंबकालाही दोन्ही सारखाच प्रतिसाद देतात, म्हणजे जवळजवळ देतच नाहीत. फरक दिसतो तो ओलीत, वर्ष-दोन वर्षांनी. त्यामुळे बिजागरीच्या पानावर ठसा आहे का, खोक्यावर काय छापलंय आणि बिलावर काय लिहून मिळतंय एवढंच आपल्या हाती उरतं.

चुंबकाचा खरा उपयोग स्क्रू निवडताना होतो. निकेलचा मुलामा दिलेला लोखंडी स्क्रू आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ओंजळीत घेतले तर चांगल्या चांगल्यांना ओळखता येत नाहीत. चुंबक फिरवला की लोखंडी सगळे उड्या मारून चिकटतात. चांगल्या स्टीलची बिजागरी आणि तिच्यासोबत पुडीत बांधून दिलेले मुलाम्याचे लोखंडी स्क्रू, ही जोडी आपल्याकडे इतकी सर्रास विकली जाते की बिजागरी गंजली अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा गंजलेलं असतं ते स्क्रूचं डोकं, आणि तिथून ओघळलेला तांबडा डाग बिजागरीवर आलेला असतो.

मामा : म्हणून म्हनतो, पितळीला पितळीच स्क्रू. पितळीत लोखंडाचा मारला की वलीमंदी स्क्रू आधी खलास.

भाचा : ते मान्य. पण पितळी स्क्रू मऊ. सागाच्या चौकटीत पिळला की डोकं तुटून हातात येतं.

मामा : तुज्या हातात येतंय. मशीननं पिळतूयास म्हणून. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालायचा, आटे पाडून घ्यायचे, त्यो काढायचा, मंग पितळी घालायचा. साबणावर घासून. लोण्यावानी जातो.

दोन वेगवेगळे धातू ओलीत एकमेकांना टेकले की त्यातला एक दुसऱ्याच्या वाटचा गंज भोगतो. पितळ आणि लोखंड यांत भोगायची पाळी लोखंडाची. आणि मोठ्या पानाशेजारी स्क्रू एवढासा असल्यामुळे तो लवकर संपतो. कोरड्या गावात हे चालून गेलं असतं. अंथुर्ण्यात ओल हा पावसाळ्यापुरता विषय नाही. नीरेचा डावा कालवा इंग्रजांच्या काळात, 1880 च्या दशकात आला, त्याच्यावर ऊस वाढला, आणि उसाबरोबर पाण्याची पातळीही वर आली. नीरा खोऱ्यातल्या पाणथळ, खारवट जमिनींचा अभ्यास इंग्रज इंजिनिअरांनीच सुरू केला होता. शेतात जे मीठ वर येतं तेच भिंतीतही चढतं. जोत्याला लोणा लागलेली घरं या पट्ट्यात पाहिजे तेवढी दाखवता येतील. अशा भिंतीला टेकलेली चौकट आतून कायम थोडी दमट राहते आणि तिच्यात घुसलेला स्क्रू बाहेरून चकचकीत दिसत असतानाच आत बारीक होत जातो.

शेवटी भाऊच म्हणाला, पितळीचा भाव ऐकूनच मला घाम फुटतो, स्टीलच लिहा. खोल्यांना 304 ची चार इंची बारा गेज, एका पानाला चार स्क्रू, स्क्रूही स्टीलचेच. मामा गप्प बसले, पण यादीवरून नजर हलवली नाही.

गेज हे प्रकरण जरा सांगायला हवं, कारण नवखा माणूस इथे हमखास फसतो. पत्र्याचा गेज जितका मोठा तितका पत्रा पातळ. बारा गेजचं पान अडीच मिलिमीटरच्या थोडं वर भरतं, चौदा गेजचं दोनच. स्क्रूचा नंबर याच्या बरोबर उलट: आठ नंबरचा चार मिलिमीटरच्या आसपास, दहा नंबरचा जवळजवळ पाच. म्हणजे बिजागरीत मोठा आकडा सांगणारा दुकानदार आपल्याला पातळ माल देतोय, आणि स्क्रूत मोठा आकडा सांगणारा जाड. आमच्या शेजारच्या वालचंदनगरला इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरची कवचं तयार होतात. आम्ही मात्र राजकोट-अलीगढहून आलेल्या बिजागरीचं पान बोटात धरून वाकतंय का ते बघतो.

भाचा : स्क्रू आठ नंबर, दीड इंची. किती लागतील? सात दारं, तीन बिजागऱ्या, आठ स्क्रू. एकशे अडुसष्ट.

मामा : आन ते समदे तू ठोकनार.

भाचा : मी ठोकतो? मागच्या महिन्यात कुणी हातोडीनं निम्मा स्क्रू आत घातला होता? मी होतो तिथं.

मामा : त्यो धरण्यापुरता. सुरुवातीला एक टोला द्यावा लागतोय, न्हाईतर स्क्रू नाचतो.

भाचा : निम्मा म्हणजे एक टोला?

हा विषय निघाला की कुठलाही सुतार थोडा ओशाळतो, आणि कुठलाही घरमालक समोर असूनही काही बघत नाही. स्क्रूचं सगळं बळ त्याच्या आट्यांत असतं. लाकडाचे तंतू आट्यांच्या खाचेत शिरून त्याला धरून ठेवतात. हातोडीने स्क्रू आत घातला की हे तंतू फाटतात आणि आटे नुसते मोकळ्या भोकात बसतात. शेवटचे दोन वेढे पेचकसाने दिले की डोकं पानात नीट बसतं आणि वरून पाहणाऱ्याला सगळं ठीकठाक दिसतं. असा स्क्रू म्हणजे महाग खिळा. तो लगेच सुटत नाही. दार उघडमीट होत राहतं, स्क्रू कणाकणाने बाहेर सरकतो, आणि दाराने फरशी धरली की दोष लाकडाला जातो.

याच्यावरचा उपाय दोघांनाही पाठ आहे: आधी बारीक भोक. आठ नंबरच्या स्क्रूला सागासारख्या कठीण लाकडात तीन मिलिमीटरचं, पाईनसारख्या मऊ लाकडात अडीचचं. खोली स्क्रूच्या लांबीपेक्षा जरा कमी. मामा हे गिरमिटाने पाडतात, भाचा ड्रिलने. वाद होता तो भोक कशानं पाडायचं यावर नव्हता, पाडायला वेळ कुणी द्यायचा यावर होता.

भाचा : दादा, खरं सांगू का? दारामागे मजुरी ठरते. दिवसाला चार दारं लावली तर हातात काही उरतं. चोवीस भोकं आधी पाडा, मग चोवीस स्क्रू पिळा, तर दोनच होतात. मालक म्हणतो शेजारचा मिस्त्री चार लावतो.

मामा : मंग मालकाला सांगायचं.

भाचा : तुम्ही सांगितलंत कधी?

मामांनी तंबाखूची चंची उघडली, म्हणजे सांगितलं नव्हतं. माझ्या मते यात सुतारापेक्षा आपण जास्त दोषी आहोत. बिजागरी निवडताना पन्नास रुपयांसाठी तीन दुकानं हिंडायची आणि ती बसवायला मात्र घाई करायची, हा हिशेब उलटा आहे. साधी लोखंडी बिजागरी नीट भोक पाडून बसवलेल्या स्क्रूंवर वीस-वीस वर्षं चालते. भारीतली भारी बिजागरी ठोकलेल्या स्क्रूंवर तेवढी टिकत नाही. भावाला मी तिथेच म्हटलं, दारामागे थोडी मजुरी वाढवून दे आणि भोकाशिवाय स्क्रू जाणार नाही अशी अट घाल. तो ‘बघू’ म्हणाला. अंथुर्ण्यात ‘बघू’चा अर्थ काहीही होऊ शकतो.

भाच्याच्या पेटीत काळ्या स्क्रूंचा डबा होता. मामांचा त्यावर फार दिवसांचा राग.

मामा : ह्ये काळं भूत आधी बाहेर काढ.

भाचा : भराभर जातात. भोक नको, काही नको.

मामा : आन भराभर तुटत्यात.

हे काळे स्क्रू जिप्समचा बोर्ड पातळ पट्टीवर आवळायला बनवलेले. त्यासाठी ते कडक केलेले असतात. कडक म्हणजे ठिसूळही. आडवा झटका बसला की साधा स्क्रू आधी वाकतो, हा सरळ तुटतो. दाराच्या बिजागरीवर आडवाच भार येतो. त्यात त्याचं डोकं तुतारीच्या तोंडासारखं गोलाईचं, ते बिजागरीच्या तिरक्या खळग्यात नीट बसत नाही, कडेवर टेकतं. जिप्समच्या छताला हाच स्क्रू उत्तम. भाच्याने वाद घातला नाही, डबा बंद केला. त्यावरून मला वाटलं की त्यालाही हे आधीपासून माहीत असावं.

मग मामांनी वाड्यांचा विषय काढला, तो ते काढणार हे ठरलेलंच होतं.

मामा : आमच्या येळंला बिजागरी हुतीच कुठं? फळीचाच खुंट वर-खाली काढायचा. वरचा तुळवटातल्या भोकात, खालचा दगडी उखळीत. दार उभं ऱ्हायाचं दगडावर. तुमचं दार उभं न्हाई, टांगल्यालं हाय. म्हणून त्ये पडतंय.

भाचा : आणि त्या दाराखालून विंचू आत यायचे ते? खुंट झिजला की दार उंबऱ्याला टेकायचं, मग चौघांनी उचलून काढायचं. आजीच सांगायची.

मामा : चौघं मिळायची तवा.

विंचवांचं काहीही असो, मामांच्या बोलण्यात बिजागरीचं सगळं गणित आलं आहे. उखळीवरचं दार आपला बहुतेक भार दगडावर सोडून देतं. टांगलेलं दार तो चौकटीवर टाकतं, आणि नुसता खाली टाकत नाही, बाहेरही ओढतं. कागदावर मांडून पाहिलं. सात फुटी, तीन फूट रुंद फ्लश डोअर साधारण तीस किलोचं धरा. त्याचा भार बिजागरीपासून दीड फुटावर, मधोमध. वरची बिजागरी माथ्यापासून आठ इंच खाली आणि खालची तळापासून दहा इंच वर घेतली तर दोघींत साडेपाच फुटांचं अंतर पडतं. तीस गुणिले दीड भागिले साडेपाच, म्हणजे सव्वाआठ किलोच्या आसपास. एवढी ओढ वरच्या बिजागरीवर कायम असते, दार बंद असतानासुद्धा, रात्रंदिवस. खालची बिजागरी तेवढ्याच जोराने उलट चौकटीत दाबली जाते. म्हणून खालचे स्क्रू सहसा ढिले होत नाहीत. होतात ते वरचे.

आता त्याच दाराच्या मुठीला वीस किलोचं पोर लोंबकळू दे. पोर दाराच्या टोकाला, तीन फुटांवर. वीस गुणिले तीन भागिले साडेपाच, जवळजवळ अकरा. म्हणजे तीस किलोचं दार सव्वाआठची ओढ देतं आणि वीस किलोचं पोर एकटं अकराची. हा आकडा मी दोघांना वाचून दाखवला.

भाचा : मग तिसरी बिजागरी वरती घ्या. वरच्या बिजागरीखाली दहा इंचावर. मध्यावर काही उपयोग नाही तिचा, ओढ सगळी वर आहे.

मामा : आन फळी मधनं वाकली की? पावसाळ्यात फ्लशची फळी फुगतीया, पोट काढतीया. मधली बिजागरी त्या पोटासाठी असती.

भाचा : पुण्याला मोठ्या कामांवर वरतीच घेतात.

मामा : पुण्याला कालवा न्हाई.

पुण्याला कालवा आहे, पण मामांचा मुद्दा खडकवासल्याच्या कालव्याचा नव्हता. मी पुन्हा आकडेमोड केली. तिसरी बिजागरी अगदी मध्यावर बसवली तर वरची ओढ जवळजवळ तेवढीच राहते. तीच वरच्या बिजागरीखाली दहा इंचांवर घेतली तर सव्वाआठाचे साडेपाचच्या आत येतात आणि तीनएक किलो ती नवी बिजागरी उचलते. ओढीपुरतं भाच्याचं बरोबर. पण फळी वाकण्याला वरच्या दोन बिजागऱ्या काही करू शकत नाहीत. तिथे मामांचं बरोबर. जड दाराला चार बिजागऱ्या बसवतात, दोन वर, एक मध्यात, एक खाली, त्यामागे हाच दुहेरी हिशेब आहे. तीस किलोच्या दाराला तेवढं करण्याची गरज मला वाटली नाही. ज्या दोन खोल्यांच्या भिंती न्हाणीघराला लागून आहेत तिथे तिसरी मध्यावर, बाकी तिघींना वरती, असं मी सुचवलं. दोघांनाही ते पटलं नाही, म्हणून बहुधा बरोबर असावं.

मामांनी एक गोष्ट मात्र कागदावर न येणारी सांगितली. तुकाराम महाराजांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून याच रस्त्याने इंदापूरकडे जाते. त्या दिवसांत घरोघरी वारकरी उतरतात. दाराच्या प्रत्येक मुठीला पडशी, ओलं धोतर, टाळांची पिशवी. आणि नेमका तेव्हाच पाऊस सुरू झालेला असतो, लाकूड पाणी पिऊन जड झालेलं असतं. मामांच्या अनुभवात दारं पडतात ती पालखी पुढे गेल्यावरच्या आठवड्यात. त्यावर त्यांचा उपाय साधा: दाराशेजारी भिंतीत खुंट्या ठोका, मूठ मोकळी राहू द्या. यादीत मी खुंट्या लिहिल्या.

फ्लश डोअर आली तेव्हा आणखी एक भानगड निघाली. एक दार चौकटीपेक्षा पाऊण इंच रुंद होतं.

भाचा : बिजागरीच्या बाजूनं मारतो करवत. मुठीच्या बाजूचं लिपिंग चांगलंय, दिसायला राहू दे.

मामा : थांब! त्या बाजूला मांस किती उरंल मंग?

फ्लश डोअर बाहेरून सलग दिसलं तरी त्याच्या कडेने दीड-दोन इंची लाकडी पट्टी फिरवलेली असते. आयएस 2202 या भारतीय मानकात तिच्या मापाची तरतूद आहे. स्क्रू जो काही धरतो तो या पट्टीत. आतला भाग जोडलेल्या पट्ट्यांचा, स्वस्त मालात कधी भुसा-तुकड्यांचाही. बिजागरीच्या बाजूने पाऊण इंच काढला की पट्टीचा मोठा भाग गेला, आणि दीड इंची स्क्रूचं टोक कसल्या लाकडात जाईल याचा भरवसा उरत नाही. मामांनी दोन्ही बाजूंनी तीन-तीन सूत काढायला लावले. त्यातही मुठीच्या बाजूला अडीच आणि इकडे साडेतीन झाले असावेत असा मला संशय आहे, कारण त्या वेळी करवत भाच्याच्या हातात होती.

पानासाठी खाच पाडणं हे काम मामांनी कुणाला दिलं नाही. बिजागरी चौकटीवर धरून पेन्सिलीने कड आखली, पटाशीने रेघेवर हलके टोले दिले, मग पटाशी आडवी धरून सालीसारखा पापुद्रा काढला. दर पापुद्र्यानंतर पान बसवून वरून अंगठा फिरवायचा. पान लाकडाच्या वर राहिलं तर फट मोठी दिसते. जास्त आत गेलं तर दार पूर्ण मिटायच्या आधीच कड चौकटीला अडते, जोर लावून बंद करावं लागतं आणि सोडलं की आपोआप उघडतं. अशा वेळी प्रत्येक मिटण्याला स्क्रूवर ताण येतो. चौकट आणि दार यांत सगळीकडून एक सूत फट, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास. भाचा हे काम राउटरने करतो आणि लवकर करतो. त्याने केलेल्या खाचा मी पाहिल्या आहेत, त्यांच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण तिन्ही बिजागऱ्यांच्या खिळ्या एका ओळंब्यात आहेत का, हे मशीन सांगत नाही. एक जरी बाहेर असली तर बाकीच्या दोघी तिला ओढत राहतात आणि दार करकरतं.

दार लावून वर्ष झाल्यावर खाली आलं तर काय करायचं, यावरही दोघांची मतं वेगळी. भाचा आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू आवळतो. भोक सैल झालं असेल तर दोन इंची स्क्रू घालतो. आपल्याकडची चौकट अडीच इंची भरीव लाकडाची असते, त्यामुळे चौकटीकडे हे चालतं. फळीकडे चालेलच असं नाही. मामा भोक मोठं करून त्यात सागाचा तुकडा फेव्हिकॉल लावून बसवतात, तोही असा की त्याचे तंतू स्क्रूला आडवे यावेत. काडेपेटीच्या काड्या भोकात कोंबणाऱ्याला ते सुतार मानत नाहीत. फरक थोडाच असेल तर खालच्या बिजागरीच्या पानामागे जाड पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवतात. दाराचा तळ किंचित बाहेर ढकलला जातो आणि मुठीकडची बाजू वर उचलली जाते. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा याला उत्तम, असं त्यांचं ठाम मत आहे, आणि या गावात त्याचा तुटवडा पडत नाही.

न्हाणीघरावर फार बोलणं झालं नाही. ग्रॅनाईटमध्ये लाकूड नाही, म्हणजे स्क्रू धरायला काही नाही. भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी बसवायची आणि तिच्यात स्क्रू. भोक गिट्टीच्याच मापाचं हवं, आणि दगडाच्या कडेपासून पुरेसं आत, नाहीतर कपची उडते. पीव्हीसीचं दार हलकं, त्यामुळे ओढही कमी. पण आत लाकडी किंवा धातूची पट्टी कुठे आहे ते बघूनच स्क्रू घालायचा. इथे 304 च्या बिजागऱ्या आणि स्क्रू यांवर तडजोड नको, हे दोघंही एका सुरात म्हणाले. मी ती ओळ दोनदा अधोरेखित केली.

यादी संपत आली तेव्हा स्क्रूच्या डोक्यावरून पुन्हा सुरू झालं.

भाचा : स्टार घ्या. चापट खाचेवरनं ड्रिलची बीट घसरते, पानावर ओरखडे येतात.

मामा : चापट खाच असली की समद्या खाचा उभ्या ठिवता येत्यात. कोंचा स्क्रू ढिला झाला ते लांबूनच कळतंय, त्याची खाच तिरकी झाल्याली असती. स्टारमदी काय कळनार?

भाचा : कळायला बोटानं हलवून बघायचं.

मामा : कोण हलवून बघतंय?

चार खाचांचा स्टार स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात मोटारींच्या कारखान्यांसाठी बाजारात आला, मशीनने झटपट आवळता यावा म्हणून. मशीनसाठी घडलेली वस्तू मामांना आवडणार नव्हतीच. तरी भाच्याच्या ड्रिलने एकशे अडुसष्ट स्क्रू जाणार असतील तर स्टारच योग्य, असं मी लिहून टाकलं. फक्त वरच्या बिजागऱ्यांचे स्क्रू मामा हाताने आवळतील अशी पुस्ती जोडली.

भाऊ गाडीला किल्ली लावून बारामतीला निघालाच होता, तेवढ्यात मामांनी साबणाची एक वडी लिहायला लावली, स्क्रूला लावायला.

भाचा : साबण नको मामा, साबण ओल धरतो. मेणबत्ती घ्या.

मामा : जन्म गेला माजा साबण लावण्यात.

भाचा : तेव्हा पितळ होतं.

मामा : आन आता स्टील हाय म्हन्तोस नव्हं, न गंजनारं? मंग साबणानं त्याला काय हुतंय?

भाच्याकडे याला उत्तर असावं, पण तोवर भाऊ दोन्ही घेऊन येतो म्हणाला.